वावरात भेगा, विहीर कोरडी, आता काय करू?

प्रश्न: शेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसजवळ आहे, खाली जुनी बंद पडलेली भूमिगत कोळसा खाण. वावरात भेगा पडल्यात, विहिरीचं पाणी पण गेलं. मुरूम टाकून बुजवू का?

उत्तर: दादा, घाई नको. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण पावसाळ्यातही मिटत नाही ती भेग खाणीची समजा आणि तिथं बैल, ट्रॅक्टर नेऊच नका, २०२२ मध्ये घुग्घुसलाच एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं. खाली पोकळी असेल तर बोअर मारून वाळू किंवा राख पाण्यासोबत आत भरावी लागते, ते काम खाणवाल्यांचं, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जमीन खचायची थांबली की मग काळी माती बाजूला काढा, भेगेत खाली दगड, वर चिकणमाती थराथराने ठोकून बसवा, माती परत पसरा, आणि वरच्या अंगाला बांध घाला नाहीतर पावसाचं पाणी पुन्हा तिथंच शिरतं. विहीर लगेच खोल करू नका, पाणी भेगांतून खाणीत उतरत असेल तर पैसे वाया जातील. आणि पाणी तांबूस दिसलं तर लोह, सल्फेट, पीएच (म्हणजे पाण्याचा आंबटपणा) तपासल्याशिवाय लेकरांना पाजू नका.