रीलला ४० हजार व्ह्यूज, ऑर्डरी फक्त दोन

प्रश्न : मी घरून मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची आणि उपासाची भाजणी करून विकते. इन्स्टाग्रामवर टाकते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेते. मागच्या महिन्यात भाजणी भाजतानाची रील ४० हजारांवर गेली पण ऑर्डरी आल्या दोन. आणि मेतकूट-भाताचा साधा फोटो टाकला, त्याला जेमतेम शंभर लाइक, तरी त्या आठवड्यात मेतकुटाची बारा पाकिटं गेली. मग मी नक्की काय टाकत राहू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ४० हजार व्ह्यूज म्हणजे ४० हजार माणसं नव्हेत. एकाच बाईने रील तीनदा बघितली तर तीन व्ह्यूज धरतात, माणसं किती ते ‘रीच’मध्ये कळतं. अकाउंट प्रोफेशनल, म्हणजे व्यवसायासाठीचं, असेल तरच हे दिसतं, ते फुकटात करता येतं, केलं नसेल तर आजच करा कारण आधीच्या पोस्टचे आकडे मागाहून मिळत नाहीत.

आता इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम पोस्टचे आकडे दाखवतं तिथे बघा, बघणाऱ्यांत तुमचे फॉलोअर्स किती आणि बाहेरचे किती. रील अनोळखी लोकांपुढे जाते, त्यातले कितीतरी जण भाजणीचा रंग बघायला थांबतात आणि पुढे सरकतात, त्यांना पीठ घ्यायचंच नसतं. मेतकुटाचा फोटो बहुतेक तुमच्या नेहमीच्या लोकांनी बघितला असणार, कुणाची बरणी तळाला गेली असेल, फोटो बघून आठवण झाली. म्हणून रील वाया गेली असं अजिबात नाही हं, तिच्यावरून किती जणांनी फॉलो केलं, किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी पुढे पाठवली ते बघा, मला लाइकपेक्षा हे आकडे फार मोलाचे वाटतात. फॉलोअर्स कुठल्या शहरांतले तेही दिसतं, तिथे तुमचं कुरिअर जातं का?

पण पैसे कुठल्या पोस्टने आणले हे इन्स्टाग्रामला कळणारच नाही, विक्री व्हॉट्सॲपवर होतेय ना! तो हिशोब तुम्हालाच ठेवायला लागेल. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो, तेव्हा स्टोरीच्या लिंकला ‘मेतकूट हवंय’ आणि बायोतल्या लिंकला ‘यादी पाठवा’ असं वेगवेगळं ठेवा, मेसेज आला की कुठून आला ते लगेच कळतं. फोटोखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही म्हणून तिथे एखादा शब्द द्या, ‘व्हॉट्सॲपवर मऊभात असं लिहून पाठवा’. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्या चॅटला तसं लेबल लावा, नाहीतर वही आहेच. आणि प्रत्येकीला विचाराच, ताई कुठे बघितलंत आमचं?

एका आठवड्यावरून ठरवू नका मात्र. आषाढी आली, श्रावण लागला की उपासाची भाजणी पोस्ट न टाकताही जाते, तेव्हाचं श्रेय पोस्टला दिलं की पुढे फसायला होतं. श्रावणातली पोस्ट श्रावणातल्याच दुसऱ्या पोस्टशी ताडून बघा.

तोवर भाजणीची रील परत करा, या वेळी शेवटी पाकीट, वजन, भाव आणि कुरिअर कुठे कुठे जातं ते दाखवा. पहिल्या रीलमध्ये भाव सांगितला होता का हो तुम्ही?