शाळेत पैशांचा व्यवहार आणि नोकरीची कौशल्यं शिकवायला हवीत का, की ते घरच्यांनी बघायचं?

शाळेतच शिकवायला हवं, तेही दहावीच्या आत. तुम्ही लिहिलंय की मुलगी ठाण्यात नववीत आहे आणि घरात दोन मतं आहेत, एका बाजूचं म्हणणं असं की शाळेने गणित-विज्ञान धड शिकवलं तरी खूप झालं, पैशाचं काय, घरी कळतंच. मी रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत पेरोल बघते. हजेरी, पगार, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी), ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे हे 'घरी कळतंच' मला अजिबात पटत नाही.

कुणाच्या घरी कळतं? ज्याचे वडील बँकेत किंवा आई अकाउंट्समध्ये, त्याच्या. दिघा, कळवा, तुर्भे स्टोअर इथून बारावी नाहीतर आयटीआय करून जी मुलं आमच्याकडे लागतात त्यातल्या कितीतरी जणांच्या घरात सॅलरी स्लिप पहिल्यांदाच येत असते. वडील नाक्यावर कामाला उभे राहणार, आई घरकामं करणार, पैसा रोख येतो नि रोख जातो. त्या माऊलीने पोराला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काय असतो ते कुठून सांगायचं? या मुलांसाठी शाळा सोडून दुसरी जागाच नाही.

पहिल्या पगाराला काय होतं सांगते. मुलाला साधारण अठरा हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा महिन्याचा एकूण खर्च, सांगितलेलं असतं आणि खात्यात येतात १४,२४०. तो सरळ माझ्याकडे येतो, मॅडम माझे पैसे कापले. मग मी स्लिप पुढ्यात ठेवते. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १२,०००, बाकीचे भत्ते धरून ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १६,०००. बेसिक-डीएच्या १२ टक्के म्हणजे १,४४० त्याचा पीएफ, ग्रॉसच्या पाऊण टक्का म्हणजे १२० रुपये ईएसआयसी, आणि २०० प्रोफेशनल टॅक्स, जो फेब्रुवारीत ३०० होतो. कंपनीही पीएफचे १,४४० भरते आणि ईएसआयसीचे सव्वातीन टक्क्यांनी ५२० भरते, ते पैसे सीटीसीत मोजलेत पण हातात येत नाहीत. त्यात आणखी एक गोम, कंपनीच्या १,४४० पैकी साधारण हजार रुपये पेन्शनच्या खात्यात जातात, म्हणून पासबुकात दोन्ही बाजूंचे आकडे सारखे दिसत नाहीत आणि मुलांना वाटतं कंपनीने खाल्ले.

हे समजावायला फार तर वीस मिनिटं लागतात. आठवीचं शेकडेवारीचं गणित आहे हो, बाकी काही नाही. पण ज्याला हे कळलं त्याला हेही कळतं की त्या १२० रुपयांत त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचे उपचारसुद्धा ईएसआयसीत होतात. ज्याला कळत नाही तो आईला खाजगी दवाखान्यात नेतो आणि व्याजाने पैसे काढतो, कार्ड घरात पडून असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल, अभ्यासक्रमात आहे की हे. आहे ना! आपल्या बोर्डाच्या नववी आणि दहावी दोन्हीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, नववीत बचत, गुंतवणूक, आयकर, दहावीत जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. चक्रवाढ व्याज तर आठवीतच येतं. पण ते उदाहरणसंग्रह सोडवण्यापुरतं. सूत्र पाठ असलेला मुलगा क्रेडिट कार्डाचं बिल बघतो, खाली 'मिनिमम ड्यू' (कमीत कमी भरायची रक्कम) साधारण पाच टक्के लिहिलेलं असतं, तेवढे भरतो आणि निवांत होतो. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास म्हणजे सरळ हिशेबानेही वर्षाला ४२ टक्क्यांच्या आसपास व्याज चढतंय, आणि हेच ते आठवीतलं चक्रवाढ व्याज, हे त्याच्या डोक्यात येतच नाही कारण वर्गात कुणी खरं बिल दाखवलेलंच नाही.

म्हणून नवीन विषय काढा, त्याची परीक्षा घ्या, या बाजूची मी नाही. परीक्षा आली की गाईड येणार, अपेक्षित प्रश्नसंच येणार, संपलं. शिक्षकांवर आधीच कामाचा ढीग आहे. कार्यानुभवाचे तास आहेत, २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, त्यात खरे कागद मुलांच्या हातात द्या. सॅलरी स्लिप, ऑफर लेटर, लाइट बिल, कर्जाचा हप्त्यांचा तक्ता. पालकांतलाच कुणी फिटर, कुणी नर्स, कुणी बँकेतला बोलवा. नोकरी लावतो म्हणून आधी डिपॉझिट मागणारा, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणारा माणूस कसा बोलतो ते मुलांकडून वर्गात नाटुकलं करून घ्या. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे तर पाचवीच्या मुलालाही सांगायला हवं.

नोकरीच्या कौशल्यांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. आठवीच्या मुलाला एखादं मशीन चालवायला शिकवून काय साधणार, तो कामाला लागेपर्यंत मशीन बदललेलं असतं. आणि मला भीती अशी की पालिकेच्या शाळेतल्या मुलांना 'कौशल्य' मिळेल आणि मोठ्या फीवाल्या शाळेतल्यांना विज्ञान. तसं होता कामा नये. फोनवर नीट बोलणं, रजेचा अर्ज लिहिणं, सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचणं, कळलं नाही तर न लाजता विचारणं, एवढं शिकवलं तरी आमच्यासारख्यांच्या दृष्टीने मूल तयार आहे, मशीन आम्ही शिकवतो.

शाळा हे कधी करेल ते करो, तुम्ही मुलीसाठी दोन गोष्टी आत्ताच करा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात, ते काढा आणि पासबुक तिलाच भरून आणू द्या. दुसरं, आणि हे मी कळकळीने सांगते, दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, वडिलांचं नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. एका अक्षराच्या फरकामुळे पुढे पीएफचे क्लेम अडकतात आणि मार्कशीट एकदा छापून आली की दुरुस्तीसाठी ॲफिडेव्हिट आणि हेलपाटे आलेच. शाळेत असताना ते त्यामानाने सोपं असतं, म्हणून वर्गातल्या बाकीच्या पालकांच्या ग्रुपवरही टाका.