रिपोर्टमधले बोल्ड आकडे आणि एका घरातले दोन कागद

"मॅडम, रिपोर्टात आकडा काळा आला, म्हंजे बिमारी हाय का?" आमच्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून बसते तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो, आणि विचारणारे बहुतेक विशीतले, धडधाकट. गावात कॅम्प येतो, कमी पैशात साठ-सत्तर टेस्ट होतात, मोबाईलवर पीडीएफ येते आणि त्यात दोन-चार आकडे ठळक असतात, समोर एच (हाय, जास्त) नाहीतर एल (लो, कमी). समजावून सांगणारं कुणी नसतं.

मागच्या हंगामात यवतमाळकडच्या एका गावातून बाप-लेक आले (ओळख पटेल असं इथं काही लिहीत नाही). पोट्टा एकवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. बापाचा चेहरा तापलेला. "याचं लिव्हर खराब झालं म्हन्ते. तुमीच इचारा त्याले, लपून पेते का." पोट्टा खाली मान घालून, "म्या थेंब नाई घेतला मॅडम, बाबा माह्यावर इस्वासच नाई ठेवत." घरात चार दिवस अबोला होता. कॅम्पच्या रिपोर्टात एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ते एक एन्झाइम) 74, समोर छापलेली रेंज, म्हणजे नॉर्मल धरतात ती हद्द, 40 पर्यंत. कुणीतरी तो आकडा नेटवर टाकला, नेटनं दारू सांगितली, संपलं.

मी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं. तर म्हणे आदल्या संध्याकाळी गोळाफेक, उठाबशा, आणि त्या दिवशी सकाळी उठून सोळाशे मीटर मारून तसाच कॅम्पच्या लाईनीत. आता एसजीओटी हे काही फक्त लिव्हरमध्ये नसतं, ते स्नायूतही असतं, जोरदार व्यायामानंतर स्नायूतून रक्तात उतरतं आणि काही दिवस वाढलेलं राहू शकतं. त्याच कागदावर लिव्हरच्याच बाकीच्या टेस्ट म्हणजे एसजीपीटी, बिलिरुबिन, जीजीटी, सगळं रेंजमध्ये होतं, पण ते कुणी वाचलंच नाही कारण ते बोल्ड नव्हतं ना. (जीजीटी दारूनं वाढू शकतं, पण नुसत्या जीजीटीवरून कोण पितो कोण नाही हे ठरत नाही, हेही बापाला सांगितलं, नाहीतर उद्या तोच कागद घेऊन पोट्टा पुरावा म्हणून फिरला असता.)

मग रेंजचं सांगितलं. ही रेंज येते कुठून? चांगल्या पद्धतीनं करायची तर निरोगी माणसं निवडतात, आजार, औषधं, दारू, गरोदरपण सगळं विचारून बाकीचे वगळतात, कमीत कमी 120 जणांचं रक्त घेतात, बाई-पुरुषात फरक पडत असेल तर दोघांचे 120-120 वेगळे. मग आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधल्या 95 टक्क्यांची हद्द ठरवतात. मी बापाला म्हटलं, काका, गावातले दोनशे धट्टेकट्टे पोट्टे उंचीप्रमाणे ओळीत उभे करा, आणि ठिंगण्या टोकाचे पाच, उंच टोकाचे पाच बाजूला काढा. ते दहा आजारी झाले का? नाही ना. रेंज म्हणजे तेवढंच. म्हणजे हद्दच अशी आखलेली आहे की शंभर निरोगी माणसांतले पाच जण बाहेर पडणारच. आणि एकमेकीशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर यायची शक्यता 64 टक्के. सत्तर टेस्टच्या पॅकेजमध्ये एकही बोल्ड नसेल तर मलाच नवल वाटतं.

दुसरं, आपल्याकडच्या बऱ्याच लॅब स्वतः 120 माणसं गोळा करत बसत नाहीत, मशीनच्या किटसोबत येणाऱ्या कागदावरची रेंज उचलतात. ते चुकीचं नाही, पण निदान वीस निरोगी स्थानिक लोकांचं रक्त तपासून ती रेंज इथं बसते का ते बघायला पाहिजे, वीसातले दोनपेक्षा जास्त बाहेर गेले तर पुन्हा विचार करायला पाहिजे. म्हणून दोन लॅबच्या रिपोर्टात रेंज वेगळी दिसते, आणि एका लॅबचा आकडा दुसरीच्या रेंजला लावून लोक उगाच घाबरतात.

डॉक्टरांनी पोट्ट्याला आठ दिवस ग्राउंड बंद करायला लावलं. त्याला ते लिव्हरपेक्षा जड गेलं, भरतीच्या पोट्ट्याले आठ दिवस घरी बसव म्हटलं तर काय! त्या दिवशीचं सीपीके (स्नायूंवर ताण आला की रक्तात वाढणारं एन्झाइम) 890 होतं, म्हणजे स्नायूच बोलत होते. विश्रांतीनंतर ते रेंजमध्ये आलं आणि एसजीओटी 29. बाप त्याच्याशी बोलायला लागला, एवढं मी पाहिलं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. फाईल परत देताना खाली अजून एक कागद दिसला, त्याच कॅम्पचा, एकोणीस वर्षांच्या बहिणीचा. हिमोग्लोबिन 9.8, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 68, दोन्ही कमी म्हणून बोल्ड. मी म्हटलं हे कुणी पाहिलं का? तर बाप म्हणे, "तिचं काई नाई मॅडम, बायायचं कमीच राह्यते, आमच्या गावात सगळ्यायचंच तसं हाय."

सगळ्यायचंच तसं हाय! आता हे ऐकून मला राग येतो, खोटं कशाला बोलू. कारण रेंज निरोगी माणसांवरून काढतात, गावातल्या सगळ्यांवरून नाही. गावात निम्म्या पोरी लोह कमी असलेल्या असतील आणि आपण त्यांनाच धरून रेंज काढली तर नऊसुद्धा नॉर्मल छापून येईल, आणि मग कुणाचाच उपचार होणार नाही. गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची हद्द 12 आहे, ती आपल्या गावालाही लागू.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. पोरगी सांगते, पऱ्हाटीत कापूस वेचताना दम लागतो, पाळी जास्त जाते, पण "घरी सांगून काय करू". आपला भाग सिकलसेलचा (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार), म्हणून लोहाच्या गोळ्या नुसत्या हातात देऊन पाठवत नाही. सिकलसेलची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह आली, पुढच्या तपासणीत ती एएस निघाली, म्हणजे वाहक, रुग्ण नाही. माय रडायला लागली, लग्नाचं कसं होईल म्हणून. तिला सांगितलं की वाहकाला साधारण त्रास नसतो, एवढं कमी हिमोग्लोबिन त्यानं होत नाही, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) कमी आलंय तर कारण लोहाचं आहे. लग्नाआधी फक्त मुलाची तपासणी करायची, दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, व्हायची शक्यता 25 टक्के असते. मायबाप आणि भावालाही तपासायला बोलावलं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पाळीचंही पाहिलं. मी सांगितलं गोळी खाल्ली की लगेच चहा नको, लिंबू चालेल, शौच काळी झाली तर घाबरू नको. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.1. बाप म्हणे आता बंद करू का, पोरगी तर बरी दिसते. म्हटलं काका, 11.1 अजून बोल्डच आहे, आणि हा बोल्ड खरा आहे. बाराच्या वर गेल्यावरही साठा भरायला डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतील. पुढची तपासणी पोट्ट्याच्या भरतीच्याच महिन्यात आहे, येताना दोघंही सोबत या.