तुर्भ्याच्या गोदामात ३०० ट्रॉल्यांवर अ‍ॅक्टिव्ह आरएफआयडी टॅग (बॅटरीवर चालणारे, रेडिओ सिग्नलने स्वतःची ओळख पाठवणारे) आहेत, दर सेकंदाला मेसेज जातो आणि बॅटरी ४ महिन्यांत संपते. सेटिंग काय ठेवू?

ट्रॉली हलत असताना दर २ सेकंदांनी आणि उभी असताना मिनिटाला एकदा मेसेज जाईल असं ठेवा. हिशोब सोपा आहे. ताशी १० किलोमीटर वेगाने ओढलेली ट्रॉली सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. गेटवरच्या रीडरचा, म्हणजे टॅगचे मेसेज टिपणाऱ्या यंत्राचा, पट्टा ३० मीटर धरला, तर ती त्यात ११ सेकंद असते, म्हणजे ५ मेसेज मिळतात. एखाददुसरा हुकला तरी नोंद पडते. उलट रात्रभर रॅकखाली उभ्या ट्रॉलीने दर सेकंदाला ओरडून उपयोग काय? बॅटरी तिथेच जाते.

दुसरी सेटिंग लोक हमखास विसरतात, ती म्हणजे मेसेजच्या वेळेत थोडा अनियमित फरक, बहुतेक मेन्यूत 'रँडम डिले' किंवा 'जिटर'. ती बंद असेल तर एकाच क्षणी मेसेज पाठवल्याने टक्कर झालेले दोन टॅग पुढेही बराच वेळ एकमेकांवरच आदळत राहतात आणि तुम्हाला वाटतं टॅग मेला. ३०० टॅगांत ही चालू हवीच. ट्रान्समिट पॉवर, म्हणजे टॅगच्या सिग्नलची ताकद, हीही गेटपुरतीच ठेवा, नाहीतर शेजारच्या डॉकचा रीडर तुमच्या ट्रॉल्या वाचेल.

मात्र हे सगळं टॅगमध्ये मोशन सेन्सर असेल तरच. नसेल तर सरसकट ५ सेकंद ठेवा, गेटवर २ मेसेज तरी मिळतील. आधी ५-६ ट्रॉल्यांवर आठवडाभर चालवून बघा, मगच सगळे टॅग बदला.