भिंत वाळली, मग पोराचा खोकला काऊन जात नाही?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब. आम्ही दारव्हा तालुक्यातले. जुन्या मातीच्या घराला लागून घरकुलाच्या दोन खोल्या काढल्या, स्लॅबच्या. पावसाळ्यात स्लॅब झिरपतो, मागची भिंत ओल धरते आणि तिच्यावर काळा-हिरवा बुरा येतो. दिवाळीच्या आधी मी तो खराट्यानं खरडून काढते, झाडून घेते आणि वरून चुना मारते. पण होते असं की पावसाळाभर पोरगा (9 वर्षांचा) त्यातल्या त्यात बरा असते, अन् ऊन पडून भिंत वाळली का शिंका, रात्रीचा खोकला, छातीत शिटी वाजल्यावानी आवाज. सासूबाई म्हणतात भिंत कोरडी झाली, बुरा मेला, आता त्याचा काय संबंध, तू उगीच भिंतीच्या मागं लागली. आता तर वासही येत नाही. मग हे काऊन होऊन राहिलं?

उत्तर : ताई, बुरा मेला असेल हे सासूबाईंचं बरोबर आहे, पण मेलेला बुरा त्रास देत नाही हे काही खरं नाही. बुरशीचं बी असते त्याला आपण स्पोअर म्हणतो, ते साधारण 2 ते 10 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. आधी संशोधकांचं लक्ष मुख्यतः या बियांवरच होतं. पण बुरशी वाळली की ठिसूळ होते, तिच्या धाग्यांचे आणि बियांच्या सालीचे तुकडे पडतात आणि त्यातले कित्येक 1 मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. 2002 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत बुरशी लागलेल्या पृष्ठभागावरून हवा सोडून मोजमाप केलं तर तुकडे बियांपेक्षा जास्त निघाले, काही वेळा 320 पटीपर्यंत. तुमच्या खोलीत ती हवा सोडायचं काम सिलिंग फॅन करतो, आणि खराटा तर त्याच्याही वरचढ.

इतका बारीक कण लवकर खाली बसत नाही आणि नाकात अडकतही नाही, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाऊ शकतो. त्याच्यासोबत बुरशीचे अॅलर्जी करणारे प्रोटीन जातात, तिच्या पेशीच्या भिंतीतला ग्लुकन नावाचा घटक जातो, कधी कधी तिनं तयार केलेलं विषही. बुरशी जिवंत आहे का मेलेली याच्याशी आपल्या शरीराला काही घेणंदेणं नसतं. म्हणून वास गेला, भिंत पांढरी झाली तरी पोराची छाती वाजते.

आता एकट्या तुकड्यांमुळं किती त्रास आणि ओलीतल्या बाकीच्या गोष्टींमुळं किती हे वेगळं काढणं कठीण आहे. पण ओल धरलेल्या घरात दमा, खोकला, छातीतली घरघर वाढते याबद्दल वाद नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्येच तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात बुरशीची अमुक इतकी संख्या चालते अशी मर्यादा दिलेली नाही, सांगणं एवढंच की ओल नको आणि बुरशी नको. तेव्हा हवेची तपासणी करून घ्या, बुरशीची जात शोधा, यात पैसे घालू नका, ते पैसे स्लॅबला लावा. आणि सगळं भिंतीवरही ढकलू नका बरं, तुमच्याकडं त्याच दिवसांत सोयाबीन निघते, मळणीचा धुरळा असतो, कापूस घरातच रचलेला असतो, चूल असेल तर तिचा धूर वेगळा. पोरगा दिवाळीत मामाकडं गेला की मोकळा होतो आणि घरी आला की पुन्हा सुरू, असं असेल तर कारण घरातच आहे समजा.

पहिले पाणी थांबवा. स्लॅबचा उतार आणि भेगा उन्हाळ्यातच पाहून घ्या, भिंतीमागचं पाणी नाली काढून दूर न्या, नाहीतर बाकी सगळी मेहनत पुढच्या आषाढात वाहून जाते. बुरा कोरडा खरडायचा नाही म्हणजे नाही. पोराला बाहेर पाठवा, फॅन बंद, साबणाच्या पाण्यानं भिंत भिजवा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या, फडकं धुवून वापस वापरू नका, फेकून द्या. तोंडाला दुपट्टा नाही चालत, त्यातून हे कण सरळ जातात, एन-95 मास्क लावा. हे काम दमा नसलेल्या माणसानं करावं, आणि डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल किंवा प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर मिस्तरीला बोलावून ओलं करून तेवढं प्लास्टर काढा. ब्लीचनं बुरशी मरते पण तुकडे तिथंच राहतात, आणि ब्लीचमध्ये संडासचं अॅसिड कधीच मिसळू नका, विषारी गॅस निघतो. चुना भिंत पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर पोपड्यासोबत बुराही खाली येतो. पांढरी भुकटी दिसली तर आधी पाणी मारून पाहा, विरघळली तर तो लोणा आहे, बुरशी नव्हे, पण ओल आहे याची खूण तीच.

पोराला मात्र दवाखान्यात दाखवाच. छाती वाजते म्हणजे बहुतेक पंप (इनहेलर) लागेल, आणि पंपाची सवय लागते हे जे गावात बोलतात ते खोटं आहे. दोन आठवड्यांवर खोकला असला तर टीबीची तपासणीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

प्रश्न : बाबांना गोठ्यातलं जुनं कुटार (भुसा) काढलं की रात्री ताप, थंडी, दम. सकाळी बरे. मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइडच्या गोळ्या घेऊन झाल्या. हे काय?

उत्तर : कुटार ओलं रचलं की आत गरम होतं आणि त्यात बुरशी व बुरशीसारखे जंतू वाढतात. त्याची धूळ गेल्यावर 4 ते 8 तासांनी ताप-थंडी-दम येणं ही फुप्फुसाच्या एका आजाराची ओळखीची खूण आहे, इंग्रजीत त्याला शेतकऱ्याचं फुप्फुस असंच नाव आहे. हा संसर्ग नाही, अॅलर्जीसारखी सूज आहे, म्हणून अँटिबायोटिकनं फरक पडत नाही. वारंवार होत राहिलं तर फुप्फुस कायमचं कडक होतं. छातीच्या डॉक्टरकडं न्या आणि "कुटार काढल्यावर होते" हे स्वतःहून सांगा, कारण विचारलं जात नाही. कुटार काढायचं काम तोवर दुसऱ्यानं करावं.

प्रश्न : आमच्या न्हाणीत काळी बुरशी आहे. कोरोनात जी काळी बुरशी आली होती तीच का? आईला शुगर आहे, झोप उडाली आहे.

उत्तर : ती नव्हे. 2021 ची म्युकरमायकोसिस वेगळ्या बुरशीची, आणि "काळी" हे नाव मेलेल्या काळ्या पडलेल्या मांसावरून आलं, भिंतीवरल्या रंगावरून नाही. ती मुख्यतः शुगर बेसुमार वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना झाली. न्हाणी वर सांगितल्याप्रमाणे ओली पुसा, खिडकी उघडी ठेवा, आणि आईची शुगर या आठवड्यात तपासा. चेहरा एका बाजूनं सुजला-दुखला, नाकातून काळं-लाल आलं, डोळ्याला एकाचे दोन दिसायला लागले तर मात्र त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.