यालीची हँडलं घेताय? आधी पाठ बघा

तुमचे दोन प्रश्न आहेत, फ्लॅटच्या मुख्य दाराला पितळी यालीची (देवळांतल्या शिल्पांतला सिंहासारखा काल्पनिक प्राणी) हँडलं लावावीत की कीर्तिमुखाचा (देवळांवर कोरतात ते राक्षसी तोंड) नॉकर, म्हणजे दार वाजवायची कडी, आणि ऑनलाइन 'अँटिक ब्रास' म्हणून विकतात ते खरं पितळ असतं का. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः पैसे घालवलेत.

माझ्या पहिल्या यालीची सोंड आठ महिन्यांत दार ओढताना हातात आली, आतून राखाडी! जस्ताचं ओतकाम आणि वर सोनेरी मुलामा. घेताना लोहचुंबक लावून बघितला होता हो, पण तो पितळेला चिकटत नाही तसा जस्तालाही चिकटत नाही, त्याने फक्त लोखंड पकडलं जातं. म्हणून विकणाऱ्याकडून पाठीमागचा फोटो मागवा, वस्तू आली की मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानस फिरवा, पिवळंच दिसलं पाहिजे, पांढुरकं दिसलं तर सरळ परत. वजनही विचारा, त्याच मापाचं भरीव पितळ जस्तापेक्षा साधारण सव्वापट जड भरतं.

आता याली की कीर्तिमुख. माझं मत कीर्तिमुख. राहू जालंधर या असुराचा निरोप घेऊन पार्वतीला मागायला गेला, तेव्हा शंकराच्या कोपातून एक भुकेला प्राणी निघाला, राहू शरण आल्यावर त्या प्राण्याने विचारलं आता मी खाऊ काय, तर उत्तर मिळालं स्वतःलाच खा, आणि पठ्ठ्याने हातपाय धड सगळं खाऊन तोंड तेवढं शिल्लक ठेवलं. शंकर खूश होऊन म्हणाले, तू कीर्तिमुख, आता माझ्या दारावर राहा. म्हणजे दार ही त्याची हक्काची जागा, आपल्याकडे जुन्या देवळांच्या उंबरठ्यावरही तो कोरलेला असतो. खालचा जबडा बहुतेक नसतोच आणि तोंडातून मोत्यांच्या माळा लोंबतात, त्यामुळे नॉकरची कडी तिथे शोभून दिसते. याली मुळात खांबांवरची, हंपीच्या विठ्ठल मंदिरात बघा. आणि ऑनलाइन 'याली' म्हणून बऱ्याचदा तोंडात कडी धरलेला साधा सिंहच असतो, तो इंग्रजी बंगल्यांच्या दारावरचा. यालीचे प्रकार बरेच आहेत, पण सिंहाचं अंग आणि हत्तीची सोंड असेल तर नक्की याली म्हणा. (किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोणी पितळेत का ओतत नाही कोण जाणे, मी पहिला घेईन.)

तरी यालीच हवी असेल तर बाहेर आलेले कान, जीभ, नखं यांच्यावरून हात फिरवून बघा, ओढणी आणि पिशवीचे बंद तिथेच अडकतात.

बसवताना सुताराला घाई करू देऊ नका. सागवानात पितळी स्क्रू थेट पिळला की डोकं तुटतं, आधी ड्रिलने भोक, मग त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आत घालून काढायचा आणि मग पितळी, थोडा साबण लावून. लोखंडी स्क्रू ठेवलाच तर पावसाळ्यात भोवतालचं लाकूड काळं पडतं. दार फ्लश (प्लायचं सपाट) असेल तर जड नॉकरला आरपार बोल्ट आणि आतून वॉशर. कडी जिथे आपटते तिथे खाली पितळी बटण हवंच, नाहीतर महिनाभरात व्हिनियरला, म्हणजे वरच्या लाकडी पापुद्र्याला, खळगा.

आणि पितळेवर लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) मारलेलं असेल तर कामवाल्या मावशींना पीतांबरीपासून लांब ठेवा, आमच्याकडे दिवाळीत अर्धं लॅकर निघालं, तेव्हापासून कीर्तिमुखाचा एक गाल चकचकीत आणि एक काळपट आहे.