आंब्याखाली ऊन येत नाही, लॉन टिकत नाही, माळी वेडेलिया लावा म्हणतो. जमीन झाकणारं आणि फुलणारं दुसरं काय लावता येईल?

वेडेलिया लावू नका. माळ्याला ते सोयीचं असतं, कारण फांदी तोडून खोचली की काम झालं. मध्य अमेरिकेकडची ही वेल जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि आपल्याकडे लोक ती विकत आणून लावतात.

भुईचाफा लावा. आमचं घर चिपळूणजवळ. मागच्या अंगणात दोन जुने आंबे, एक फणस आणि त्यांच्या सावलीत सासूबाईंनी लावलेला भुईचाफ्याचा मोठा पट्टा. हा हळदीच्या कुळातला कंद. पाऊस सरला की पानं पिवळी पडून झडतात आणि थंडीत वर काहीच दिसत नाही. नेमके तेव्हाच मोठे दीर मुंबईहून आले. मी माहेरी होते. ‘एवढी जागा नुसती पडून आहे’ म्हणत त्यांनी गड्याकडून सगळं टिकावाने खणून घेतलं, कंद गडग्यापलीकडे फेकले आणि वेडेलिया खोचलं. एका पावसात ते गुडघाभर माजलं. पिवळी फुलं आली ती उन्हाकडच्या कडेला. आंब्याच्या बुंध्याशी नुसता पाला. उपटायला बसले तर पेरापेराला मुळं, आणि मातीत राहिलेला तुकडा पुन्हा फुटायचा. न्हाणीघरामागे थोडे कंद वाचले होते, त्यांवरून पट्टा परत उभा केला. दीर अजून म्हणतात, ‘बारा महिने हिरवं तरी होतं.’ हिरवं तर शेवाळंही असतं!

चैत्रात एकही पान नसताना भुईचाफ्याचं फूल मातीतून थेट वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, मधे दुभंगलेली जांभळी पाकळी, आणि वास असा की वाकून घ्यावाच लागतो. मग पानं फुटतात, वरून रुपेरी नक्षीची, खालून जांभळट. पावसाळाभर जमीन तीच झाकतात. कंद मे महिन्यात वीतभर अंतरावर, दोन बोटं खोल लावा. आंब्याचा पाचोळा झाडून जाळू नका, तिथेच राहू द्या. कंदांना तेच खत.

सावली अगदी गडद असेल आणि माती ओलसर राहत असेल तर एपिसिया लावा. तांबूस मखमली पानं, लालभडक लहान फुलं, धावत्या फांद्यांनी पसरतं. कडेला, जिथे सकाळचं थोडं ऊन पोचतं तिथे अबोली. ती जमिनीलगत राहत नाही, पण वर्षातला बराच काळ फुलते. तिची वाळलेली बोंडं पाणी पडलं की तडतडून फुटतात आणि बी आपोआप आजूबाजूला रुजतं.

आता भुईचाफ्याची बाजू पुरती सांगते. एकेक फूल फार टिकत नाही. पाणी साचलं तर कंद कुजतात. साळिंदरं येत असतील तर कंद उकरून खातात. एपिसियाला थंडी सोसत नाही, घाटावर असाल तर ते कुंडीतच बरं. आणि थंडीत पट्टा मोकळा दिसणार, त्याला इलाज नाही. तेवढ्या दिवसांपुरत्या तिथे चार काठ्या रोवून दोरी बांधा आणि माळ्याला, घरातल्या मोठ्यांनाही, आधीच बजावून ठेवा की खाली कंद आहेत, टिकाव लावायचा नाही.